पूर्वेचा समुद्र, सायकलवरून

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाकडून, म्हणजे धाकट्या पंढरीच्या मुलखातून, कुणी पाहुणा पहिल्यांदा मुंबईला आला की नातेवाईक त्याला समुद्र दाखवायला नेतात. नेतात ते गिरगाव चौपाटीला, नाहीतर मरीन ड्राइव्हला, फार तर जुहूला. तिन्ही जागा शहराच्या पश्चिम कडेला. पाहुणा भेळ खातो, पाय भिजवतो, सूर्य बुडताना पाहतो आणि गावी गेल्यावर समुद्र कसा असतो ते चार जणांना सांगतो.

पण तो झाला मुंबईचा फिरायला जायचा समुद्र. या शहराचं पोट ज्या समुद्रानं भरलं तो पूर्वेला आहे, शहराच्या पाठीमागे. तिथे जहाजं बांधली गेली, कापसाच्या गासड्या लादल्या गेल्या, कोकणातल्या बोटी लागल्या. कुलाब्यापासून शिवडीपर्यंत पसरलेला हा किनारा आज रस्त्यावरून जवळपास दिसतच नाही. उंच भिंती, लोखंडी फाटकं, गोदामांच्या रांगा आणि मालगाडीचे गंजलेले रूळ, एवढंच नजरेला पडतं. लाखो मुंबईकर रोज या भिंतीला समांतर लोकलनं ये-जा करतात, आणि पलीकडे काय आहे हे त्यातल्या फार थोड्यांनी पाहिलेलं असतं.

हा किनारा पाहायचा तर सायकल घ्यावी. चालत गेलं तर अंतर दमवतं, गाडीनं गेलं तर काही दिसायच्या आत फाटक मागे पडतं. सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं भिंतीच्या थोडं जवळ येतं, नाकाला वास लागतो, पाटी वाचता येते आणि भिंतीला फट दिसली की पाय टेकून थांबता येतं. ससून डॉकपासून शिवडीच्या किल्ल्यापर्यंतची ही वाट पंधराएक किलोमीटरची. रविवारी पहाटे निघालं तर ट्रक, ट्रेलरची वर्दळ वाढायच्या आत ती आरामात पुरी होते.

मुंबईला सायकलची ओळख नवी नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी याच शहरातून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले होते. त्यातल्या आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं सुमारे ४४ हजार मैल अंतर तोडून ते १९२८ मध्ये परतले. त्यांच्यापुढे पंधरा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण या पंधरा किलोमीटरमध्ये तीनशे वर्षं दडलेली आहेत.

सुरुवात ससून डॉकपासून. पहाटे पाचच्या सुमाराला इथे सायकलवरून उतरून ती हातात धरूनच चालावं लागतं, कारण फरशी मासळीच्या पाण्यानं निसरडी झालेली असते. ट्रॉलर धक्क्याला लागलेले असतात. बर्फ फोडण्याचा आवाज, पाट्या डोक्यावर घेऊन धावणारे हमाल, लिलावाचा गलका, एका बाजूला बसून झपाझप कोळंबी सोलणाऱ्या बायका आणि पापलेट, सुरमई, बोंबील, माकूल यांचे ढीग. कोळणींचा दरारा असा की भाव करणारा भलाभला व्यापारी आवाज खाली आणतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा हाच धक्का नांगरलेल्या बोटींनी भरून जातो आणि गलका ओसरतो.

मूळचा हा डॉक कापसासाठी बांधलेला. बगदादहून आलेल्या ज्यू व्यापारी घराण्यातल्या डेव्हिड ससून यांनी १८३२ च्या सुमाराला मुंबईत बस्तान बसवलं आणि त्यांच्या मुलाच्या, अल्बर्ट ससूनच्या काळात, १८७५ मध्ये ही गोदी तयार झाली. पश्चिम भारतातली ही पहिली ओली गोदी. ओली आणि सुकी हा फरक एकदा कळला की पुढचा सगळा रस्ता उलगडतो. मुंबईच्या बंदरात मोठ्या भरतीचं पाणी ओहोटीच्या पाण्यापेक्षा चार ते पाच मीटर वर चढतं. उघड्या धक्क्याला लागलेलं जहाज त्याबरोबर वरखाली होतं, आणि ओहोटीला चिखलात रुतायची भीती असते. म्हणून किनाऱ्यात मोठा हौद खोदायचा, त्याला दरवाजे बसवायचे, भरतीला जहाज आत घ्यायचं आणि दरवाजे लावून पाणी कोंडून ठेवायचं. बाहेर ओहोटी असली तरी आत जहाज तरंगतंच. ही ओली गोदी. सुक्या गोदीत नेमकं उलटं करतात. जहाज आत घेतलं की पाणी काढून टाकायचं, म्हणजे तळाची दुरुस्ती कोरड्यात करता येते.

कुलाब्याहून उत्तरेला निघालं की गेटवे ऑफ इंडिया लागतो. गेटवेला सगळेच जातात, तेव्हा इथे फार रेंगाळायचं कारण नाही. एवढं मात्र ध्यानात ठेवावं की १९२४ मध्ये ही कमान उभी राहण्याआधीपासून जुने मुंबईकर या जागेला पालवा बंदर म्हणत आले. जवळच महाराष्ट्र पोलिसांच्या मुख्यालयाची देखणी इमारत आहे. ती एके काळी दर्यावर्दींचं वसतिगृह होती. बंदर असलेल्या गावात खलाशांच्या राहण्याची सोय राजवाड्यासारख्या इमारतीत केली जात होती, यावरून त्या व्यवसायाचं वजन कळतं.

पुढे शहीद भगतसिंग मार्गावर लायन गेट. आत नौदलाची गोदी. फोटो काढायला मनाई, आत जायचा तर प्रश्नच नाही. तरी सायकल क्षणभर थांबवावी, कारण मुंबई शहर होण्याची गोष्ट या फाटकाआड सुरू झाली. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाला मिळालेली ही बेटं १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं. बेटांना बंदर होतं, पण जहाजं बांधणारे हात नव्हते. ते सुरतेहून आणावे लागले. १७३० च्या दशकात लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी सुतार आपले कारागीर घेऊन मुंबईत आला. १७५० मध्ये इथे आशियातली पहिली सुकी गोदी झाली. पुढे जवळपास दीडशे वर्षं वाडिया घराण्याच्या पिढ्यांनी या जागेवर जहाजं बांधली.

ती जहाजं कशी होती? ओकचं लाकूड इंग्लंडमध्ये दुर्मीळ होत चाललं होतं आणि मलबारचा साग त्याहून टिकाऊ निघाला. सागाच्या अंगच्या तेलामुळे त्याला कीड कमी लागते आणि लोखंडी खिळे गंजत नाहीत. जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षं झाली. त्याआधी चार वर्षं, १८१३ मध्ये बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली इंग्रज आणि चीन यांच्यात नानकिंगचा तह झाला, ज्यानं हाँगकाँग इंग्रजांच्या ताब्यात गेलं. लायन गेटच्या आतल्या सुतारांनी तासलेल्या फळ्यांवर असा जगाचा इतिहास लिहिला गेला. आणि याच फाटकांच्या आसपास फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांचा उठाव पेटला. १८ तारखेला 'तलवार' या तळावर सुरू झालेला संप तीन-चार दिवसांत ७८ जहाजं आणि सुमारे २० हजार खलाशांपर्यंत पोहोचला आणि गिरणगावातले कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले.

लायन गेटहून चार पायडल मारली की हॉर्निमन सर्कल. मधलं गोल उद्यान, भोवती कमानी, समोर एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या. ही जागा एके काळी मोकळं मैदान होती आणि त्या हिरवळीवर कापसाच्या गासड्यांचे डोंगर रचलेले असत. तेव्हाच्या मुंबईच्या किल्ल्याच्या आत, वस्तीच्या मधोमध एवढा कापूस साठवणं म्हणजे आगीशी खेळ. म्हणून १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला आणि विसाव्या शतकात तो शिवडीकडे गेला. हिरवळ मागे राहिली, पण नाव कापसासोबत फिरत राहिलं. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. आसपास हिरवळीचा पत्ता नसताना त्याला हे नाव का, हे कोडं हॉर्निमन सर्कलला सुटतं.

तिथून बॅलार्ड इस्टेट. रविवारच्या सकाळी मुंबईत सायकल चालवायला याहून सुंदर जागा सापडणं अवघड. रुंद, सावलीचे, रिकामे रस्ते. दोन्ही बाजूंना एकाच उंचीच्या, एकाच शिस्तीतल्या दगडी इमारती. या सगळ्या भागाची आखणी गेटवेचा वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट याची, आणि नाव पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचं. गंमत अशी की सायकलच्या चाकाखालची ही जमीन शेजारच्या गोदीतून आलेली आहे. १९०५ ते १९१४ या काळात अलेक्झांड्रा डॉक खोदला गेला, त्यातून निघालेली माती आणि दगड समुद्रात टाकून सुमारे २२ एकरांची ही भर घातली. अलेक्झांड्रा डॉकचं आजचं नाव इंदिरा डॉक. तो अजून चालू आहे, दरवाज्यांसकट.

बॅलार्ड पिअरला विलायतेच्या बोटी लागत. बोटीतून उतरलेला साहेब थेट धक्क्यावरच्या मोल स्टेशनातून आगगाडीत बसे. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या प्रवाशांना इथूनच उचलून दिल्लीमार्गे पेशावरकडे नेत असे. त्या स्टेशनाचा आता मागमूस नाही. बॅलार्ड पिअरला हल्ली क्रूझची मोठाली जहाजं लागतात.

इथून पुढे पी. डिमेलो रोड. जुनं नाव फ्रिअर रोड. मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याचं नाव जाऊन या रस्त्याला गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डिमेलो यांचं नाव मिळालं, आणि ते अगदी रास्त आहे. उजव्या हाताला भिंत सुरू होते ती संपतच नाही. भिंतीत ठरावीक अंतरानं फाटकं. त्यांची नावं रंगांवरून ठेवलेली: रेड गेट, ग्रीन गेट, ब्लू गेट, ऑरेंज गेट, यलो गेट. देशोदेशीचे खलाशी आणि अक्षरओळख नसलेला हमालही रंगावरून फाटक ओळखू शकतो. आज फाटकांचे रंग उडाले असले तरी ट्रकवाले पत्ता सांगताना हीच नावं घेतात.

डाव्या हाताला नावांची दुसरी माळ लागते. बोरीबंदर, कर्नाक बंदर, मशीद बंदर, चिंच बंदर, वाडी बंदर. यातल्या बहुतेक ठिकाणी आज पाण्याचा थेंब नाही. बोरीबंदरला १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याची पहिली आगगाडी सुटली, तेव्हा जवळच समुद्र होता. एकेका बंदराचं नाव म्हणजे किनारा एके काळी कुठवर होता त्याची खूण. सायकलवरून ही नावं ओळीनं वाचत गेलं की बुजवलेल्या किनाऱ्याचा नकाशा आपोआप मनात तयार होतो.

हा किनारा सरकला कापसानं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि दख्खनचा कापूस इथल्या धक्क्यांवर येऊन पडू लागला. पैशाला वाट फुटेना म्हणून समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या धनकुबेरापासून लहानसहान दलालापर्यंत सगळे बुडाले. शहराजवळ उरली ती पूर्व किनाऱ्यावरची नवी जमीन. सरकारनं ती विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० च्या पहिल्या दिवशी प्रिन्सेस डॉक उघडला, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक.

प्रिन्सेस डॉक खोदताना मजुरांना एक नवल सापडलं. ओहोटीच्या पातळीच्याही खाली, गाळात, झाडांचे शेकडो बुंधे, त्यातले कितीतरी मुळांसकट उभे. बरेचसे खैराचे. जिथे जहाजांसाठी पाणी आणायचं होतं तिथे फार पूर्वी रान होतं आणि जमीन खचून समुद्र आत आला होता. पुढे अलेक्झांड्रा डॉकच्या खोदाईतही अशी झाडं मिळाली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माणसानं समुद्र हटवला हे सगळ्यांना ठाऊक असतं. समुद्रानं आधी रान गिळलं होतं, हे या बुंध्यांनी सांगितलं.

ऑरेंज गेटजवळ ईस्टर्न फ्रीवेचा चढ सुरू होतो. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या त्या रस्त्यावर सायकलला मज्जाव आहे. मोटारी वरून सुसाट जातात, सायकल खालून, खांबांच्या सावलीतून. आणि या जागी खालीच असावं, कारण भिंतीपलीकडे १४ एप्रिल १९४४ ची दुपार आहे.

लिव्हरपूलजवळच्या बर्कनहेडहून निघालेलं 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज कराचीमार्गे येऊन व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, त्यांच्याजवळच कापसाच्या गासड्या, आणि सुमारे नऊ लाख पौंडांच्या सोन्याच्या विटा. दुपारी कापसाला आग लागल्याचं ध्यानात आलं. बंबवाले धावले, पाणी मारत राहिले, पण आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. 'जलपद्म' नावाचं जहाज स्फोटाच्या लाटेनं उचलून धक्क्यावरच्या शेडवर आपटलं. पेटलेला कापूस मांडवी आणि मशीद बंदरच्या छपरांवर पडला. सिमल्याच्या भूकंपमापकावर धक्क्याची नोंद झाली. मैलभर दूरच्या एका घरात छप्पर फोडून सोन्याची वीट येऊन पडली. मृतांचा आकडा आठशे ते तेराशेच्या दरम्यान धरला जातो. त्यात मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, आणि तो का पाळतात हे गोदीच्या भिंतीशेजारी उभं राहिल्यावर जास्त कळतं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे दोन्ही डॉक मोकळे करायला सुमारे सात महिने लागले. गाळ उपसताना सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं हाताला लागत होत्या.

भिंतीआड रोज कामाला जाणाऱ्या माणसांची गोष्ट स्फोटाइतकी मोठ्यानं ऐकू येत नाही. गोदी कामगार म्हणजे सकाळी फाटकाशी उभा राहायचा, मुकादमानं टोळीत घेतलं तर काम, नाहीतर रिकाम्या हातानं परत. जहाज आलं तर रात्रंदिवस राबायचं, नाही आलं तर उपास. डिमेलो आणि त्यांच्या साथीदारांनी या माणसांची संघटना बांधली. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला आणि हजेरी, किमान दिवस, ठरलेला पगार या गोष्टी हळूहळू फाटकाच्या आत आल्या. फाटकाबाहेर गोदामांत ओझी वाहणाऱ्यांना त्यासाठी आणखी थांबावं लागलं. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. सातारा, सांगली, पुण्याकडून आलेल्या या गड्यांना अण्णासाहेब पाटील यांनी एकत्र आणलं, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. मशीद बंदरच्या गल्ल्यांतून सायकल काढताना आजही हातगाडीवाल्याचा 'बाजू, बाजू' असा पुकारा कानावर येतो आणि सायकलला निमूट बाजूला व्हावं लागतं.

भाऊचा धक्का आला की भिंत पहिल्यांदा मोकळी होते. मोकळा वारा, डिझेलचा वास आणि समोर पाणी. एकोणिसाव्या शतकात भाऊ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी हा धक्का बांधला. साहेबांच्या आणि गव्हर्नरांच्या नावांनी भरलेल्या या किनाऱ्यावर एका मराठी माणसाचं नाव लोकांनीच टिकवलं. सरकारी कागदांवर फेरी व्हार्फ असलं तरी बसचा कंडक्टर आजही 'भाऊचा धक्का' असंच ओरडतो. कोकणातल्या घराघरांत या धक्क्याच्या आठवणी आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत गणगोत बोचक्यांसह बोटीत चढायचं, डेकवर सतरंजी अंथरायची, लागणाऱ्या बंदरांची नावं मोजत पहाट करायची. आणि एक आठवण अशी की तिच्याबद्दल बोलताना जुनी माणसं आवाज खाली आणतात. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिनाही उरला नसताना, इथून रेवसला निघालेली 'रामदास' बोट पावसाळी दर्यात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आषाढी अमावास्येचा तो दिवस होता. सणासाठी गावी निघालेली बरीच माणसं त्या बोटीवर होती.

धक्क्यामागे माझगाव. इथे एकच खडा चढ आहे, भंडारवाड्याच्या टेकडीचा. सायकल ढकलत वर नेली तरी चालेल. टेकडीवर एके काळी माझगावचा किल्ला होता, १६९० च्या सुमाराला सिद्दी याकूत खानाच्या वेढ्यात तो नष्ट झाला. आता वर काका बाप्टिस्टा यांच्या नावाची बाग आहे. लोकमान्य टिळकांचे वकील आणि मुंबईचे महापौर राहिलेले बाप्टिस्टा माझगावचेच. बागेच्या कठड्याशी उभं राहिलं की सकाळपासून भिंतीआड लपलेलं सगळं एकदम समोर येतं: क्रेन, गोदामांची लांबच लांब छपरं, माझगाव डॉकमध्ये बांधल्या जाणाऱ्या करड्या युद्धनौका, पलीकडे घारापुरी. याच माझगाव डॉकमध्ये स्वतंत्र भारतानं 'निलगिरी' ही फ्रिगेट बांधली आणि १९७२ मध्ये ती नौदलात दाखल झाली. लवजी वाडियाच्या गोदीपासून इथवरचं अंतर सायकलवर अर्ध्या तासाचं.

जहाजं जिथे जन्मली त्याच किनाऱ्यावर त्यांचा शेवटही होतो. रे रोडजवळच्या दारूखान्यात, जिथे कंपनीच्या काळात बंदुकीची दारू साठवत असत, भरतीला जुनी जहाजं गाळात आणून लावतात आणि गॅस कटरनं त्यांचे तुकडे करतात. रस्त्याच्या कडेला नांगर, साखळदंड, गोल खिडक्या, दोरखंडांची वेटोळी. १९७१ च्या युद्धात लढलेली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका २०१४ मध्ये इथे आणली गेली आणि तोडली गेली. तिचं पोलाद वापरून पुढे मोटारसायकलीही निघाल्या. दारूखान्यातून जाताना टायर जपावे. लोखंडाचा चुरा रस्त्यावर सगळीकडे असतो आणि पंक्चर काढायचं सामान सोबत नसेल तर पंचाईत होते.

कॉटन ग्रीनला पोहोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. पोर्ट ट्रस्टनं बांधलेली कापसाची दगडी गोदामं एकामागून एक उभी आहेत. बहुतेकांना कुलपं, भिंतींतून पिंपळ उगवलेले. मराठवाड्यातून आलेल्या माणसानं इथे थोडं जास्त थांबावं. नारायणगडाच्या आसपासच्या काळ्या रानात आजही कापूस वेचला जातो, आणि रस्त्यानं तिथून मुंबई चारशेएक किलोमीटरवर आहे. समुद्र कधी न पाहिलेल्या शेतकऱ्यांनी वेचलेली बोंडं सरकी काढून, गासड्या दाबून याच किनाऱ्यावर यायची आणि जहाजांच्या पोटात जायची. दख्खनच्या रानाचा जगाशी व्यवहार या दरवाज्यांतून होत होता. लँकेशायरमधली मागणी चढली की इथे समुद्र मागे हटायचा, पडली की गावात सावकाराचं ओझं वाढायचं.

या गोदामांना कुलपं लागली त्याचं कारण एका लोखंडी पेटीत आहे. १९५६ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा जहाजावर कंटेनर चढले. हजारो माणसांनी आठवडाभर पाठीवरून चढवायचा माल क्रेन काही तासांत चढवू लागली, आणि दरवाजे लावून पाणी कोंडणाऱ्या जुन्या गोद्या नव्या जहाजांना अपुऱ्या पडल्या. लंडनच्या रॉयल डॉक्सना १९८१ मध्ये कुलूप लागलं. लिव्हरपूलचा अल्बर्ट डॉक १९७२ मध्ये बंद पडला. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या भराव टाकून बुजवल्या. ज्या खोदकामानं समुद्राखालचं रान दाखवलं, ते पुन्हा मातीखाली गेलं.

लिव्हरपूलनं अल्बर्ट डॉकचं पुढे संग्रहालयं आणि उपाहारगृहांचं आवार केलं, १९८८ पासून तिथे माणसं फिरायला जातात. हँबुर्गची जुनी गोदामनगरी २०१५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. मुंबईत फोर्टच्या गॉथिक इमारती आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये तो मान मिळाला, पण ज्या गोद्यांच्या कमाईतून हे वैभव उभं राहिलं त्या यादीबाहेर आहेत. बंदराच्या ताब्यात साडेसातशे हेक्टरच्या आसपास जमीन आहे आणि तिच्या विकासाचे आराखडे गेली काही वर्षं येत-जात आहेत. त्यात टॉवर किती असतील यावर चर्चा होते. किनाऱ्यालगत चालायला आणि सायकल चालवायला सलग रस्ता मिळावा, दगडी गोदामं पाडण्याआधी त्यांची नोंद व्हावी, गोदी कामगारांची आठवण सांगणारी एखादी जागा असावी, या मागण्या मुंबईकरांनी आत्ताच मोठ्यानं करायला हव्यात. एकदा भिंत पडली आणि दुसरी उभी राहिली की उशीर झालेला असेल.

शिवडीला वाट संपते. लहानसा किल्ला, खाली जेट्टी, आणि ओहोटीला मैलभर उघडी पडणारी दलदल. हिवाळ्यापासून मेपर्यंत इथे रोहित पक्षी चिखलात चोच घालून चरताना दिसतात. त्यांच्या डोक्यावरून अटल सेतू निघतो, १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला, पावणेबावीस किलोमीटरचा. त्यावर सायकलला परवानगी नाही.

मग आलेल्या वाटेनं मागे फिरायचं, पाचएक किलोमीटर, भाऊच्या धक्क्यापर्यंत. २०२० पासून इथून मांडव्याला रो-रो बोट जाते आणि तिच्यावर सायकल चढवता येते. तिकीट काढायचं, सायकल खालच्या मजल्यावर मोटारींच्या शेजारी बांधायची आणि जिना चढून वर यायचं. बोट दक्षिणेकडे वळते. सकाळभर जी भिंत उजव्या हाताला होती ती आता पलीकडून दिसू लागते, आणि तिला भिंतीचं रूपच उरत नाही. इंदिरा डॉकचे दरवाजे, बॅलार्ड पिअरचा लांब धक्का, नौदलाच्या नांगरलेल्या नौका, मग गेटवे, मग कुलाब्याचं टोक. जहाजांना मुंबई अशीच दिसत आली, समोरून. मांडवा यायला तासभर आहे. खाली रेवसकडे जाणाऱ्या लाँचच्या मागे बगळे उडत असतात आणि सायकलच्या टायरवरचा दारूखान्याचा तांबडा गंज अजून ओलाच असतो.